गल्लीतून नदीकडे

लॉस एंजेलिसमधलं आमच्या गल्लीमागचं रेल्वे यार्ड बंद पडून पंधरा वर्षं झाली, तरी त्याची भिंत तशीच उभी होती. भिंतीपलीकडे यार्ड, यार्डापलीकडे नदी. दोन्या एल्विरा, म्हणजे एल्विराबाई, गल्लीत वयानं सगळ्यात मोठी, तिचं घर भिंतीला लागून. नवरा रामोन त्याच यार्डात रेल्वेचे डबे दुरुस्त करायचा. तो वारला होता. ती संधिवातानं व्हीलचेअरवर. चाळीस वर्षांत नदी पाहिली ती बसच्या खिडकीतून, पुलावरून.

यार्डाच्या जागी नदीकाठी बाग करायचं पालिकेनं ठरवलं तेव्हा शाळेत सभा भरली. नकाशात फाटक एकच, पार हायवेच्या बाजूला.

"आमच्या गल्लीतून वाट कुठाय?" एल्विरानं विचारलं.

"फाटक लांब नाही हो," पालिकेचा तरुण इंजिनिअर म्हणाला. "जेमतेम दीड मैल."

"मग उद्या दुपारी एकला ये. ढकल माझी खुर्ची."

सभेत हशा पिकला. पण तो खरंच आला. ऑगस्टचं ऊन, फूटपाथ दोनदा मध्येच संपला, ट्रक अगदी खेटून जात होते. फाटकाच्या जागी पोचायला सव्वा तास लागला.

"वरिष्ठांना सांगतो," तो घाम पुसत म्हणाला.

"सांग. आधी मला घरी सोड. का फक्त येण्याचंच ठरलं होतं?"

वरिष्ठांचं उत्तर आलं: सुरक्षेसाठी भिंत राहील.

त्या शनिवारी एल्विरानं भिंतीवर निळं दार रंगवलं, खुर्ची जाईल एवढं रुंद. रंगाचा डबा मी धरला. सोमवारी कामगारांनी त्यावर करडा रंग फासला. तिनं पुन्हा रंगवलं. मग नोटीस आली, गुन्हा दाखल करू म्हणून.

"किती जणींवर करतात बघू," ती म्हणाली, आणि तिनं दारोदार ब्रश वाटले. रविवारी चर्चहून परतल्यावर गल्लीनं सव्वीस दारं रंगवली. करडा रंग घेऊन आलेला कामगार ती बघून गाडीतून उतरलाच नाही.

तरी दोन वर्षं गेली. अखेर पालिकेनं वाटेसाठी भिंत फोडली, तीही गटाराच्या पाइपामुळे तिच्या निळ्या दारापासून वीस पावलं डावीकडे.

वाट खुली झाली त्या पहिल्या दिवशी नदीच्या उतारावर मी खुर्ची धरली.

"हात काढ!"

स्वतः चाकं फिरवत ती पाण्यापर्यंत गेली.

"रामोननं अठ्ठावीस वर्षं या नदीकडे पाठ करून काम केलं," ती म्हणाली. मग माझ्यावरच ओरडली, "सावली कुठाय इथं? माणसांनी भाजून मरायचं का?"

आता तिथं तीन मोठी झाडं आहेत. त्यासाठी आणखी चार सभा कराव्या लागल्या.