नावाचे दोन रकाने

"साहेब, हे दोन मानसं हायेत. एका खान्यात कसे बसवू?" असं म्हणून चाचा अकोल्याला आले की माझ्या मॉनिटरवर बोट टेकवायचे. काचेवर डाग पडायचा आणि माझं डोकं फिरायचं.

तुमच्याही कार्यालयात असं एखादं माणूस असेल. कामात चोख, पण तुमचं काम अडवणारं. चाचा बाळापूरचे. त्यांच्याकडे एका तालुक्याची यादी टाइप करायचं काम होतं, आणि सगळ्या तालुक्यांच्या याद्या अकोल्यात बसून एक करायचं काम माझ्याकडे. मी आकड्यांचा माणूस. घरी किराण्याची यादीसुद्धा रकाने आखून करतो, बायको हसते.

त्या वर्षांत आमच्याकडे दुबार पेरणी नेहमीचीच झाली होती. पहिलं बियाणं करपलं की गावोगावच्या याद्या मागवून दुसरं मोफत द्यायचं. वरून आलेल्या शीटमध्ये एकच रकाना होता: शेतकऱ्याचे नाव. चाचांनी त्याचे दोन केले. एकाला नाव दिलं 'सातबाऱ्यावरचा', दुसऱ्याला 'वावर वाहणारा', म्हणजे प्रत्यक्ष शेत कसणारा. झालं. त्यांची यादी इतरांच्या खाली चिकटवली की सगळं एक घर सरकायचं. गावाच्या जागी माणूस, क्षेत्राच्या जागी गाव, आणि बेरजेतून अख्खा तालुका गायब.

मी फोन केला. "चाचा, रकान्यांना हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं?"

"मी कुठं लावला? एक वाढवला फक्त."

"तेच नको."

"अहो, कागदावर सासरा हाये. त्याले मरून चार वर्षं झाले, फेरफार झाला नाई. नवरा सुरतेले मिलमधी. वावर सून वाहून राहिली. बियानं काय मुर्द्याले देता?"

"तो प्रश्न शीटचा नाही."

"मंग कोनाचा हाये?"

मी फोन ठेवला. यादी तीनदा परत पाठवली, तीनदा तशीच आली. तिसऱ्यांदा तर शीर्षक ठळक करून. चार वाजेपर्यंत जिल्ह्याची यादी वर जायची होती. मी 'वावर वाहणारा' हा रकाना निवडला आणि काढून टाकला. बेरीज जुळली. बरं वाटलं, हे लपवत नाही.

वाटपाच्या दिवशी चाचांचा फोन आला. "साहेब, ते सून गोदामात उभी हाये. यादीत नाव नाई म्हनतात तिचं. तुमी जरा बोला."

गोदामवाला म्हणाला, यादीतल्या माणसालाच सहीवर पिशवी. त्याचं चुकत नव्हतं. यादी माझी होती. चाचांना म्हणालो, पुरवणी यादी करतो.

"करा," ते म्हणाले. "तवरक इले काय सांगू?"

पुरवणी यादी मंजूर होऊन आली तेव्हा पेरणीचे दिवस सरले होते.

चाचा त्याच हिवाळ्यात निवृत्त झाले. त्यांनी मला एका शब्दानंही कधी सुनावलं नाही. निरोप समारंभाला मी गेलो नाही; काम होतं, असं घरी सांगितलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आलेल्या ऑपरेटरनं पेऱ्याची, म्हणजे कुणी किती पेरलं त्याची, यादी पाठवली. नावाचा रकाना एकच. यादी पहिल्याच खेपेला जुळली. बेरीज करायच्या आधी मी त्या सुनेचं गाव शोधलं. सासऱ्याचं नाव होतं. क्षेत्र दोन हेक्टर. मागच्या खरिपाचा पेरा, शून्य.