हनुवटीखालचा सूर

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. डब्यांची झाकणं कापायचा प्रेस. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, खाडकन आवाज होऊन झाकण खाली पडायचं. असे प्रेस त्या शेडमध्ये ओळीने लावलेले. भाऊजींची उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. निवृत्तीला हार मिळाला, घड्याळ मिळालं आणि कान तेवढे तिथेच राहिले.

अगदी ठार बहिरे झाले होते असं नाही. जाड आवाज कळायचे. दार आपटलं, ट्रक गेला, की मान वळायची. बारीक काही ऐकू यायचं नाही. दारावरची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही, लेकीचा फोनवरचा आवाज तर नाहीच. ती परगावी दिलेली. तिचा फोन आला की ते स्पीकर लावायचे, समोर धरून बघत बसायचे आणि ताई जे ओठ हलवून सांगेल त्यावर "बरं, बरं" म्हणायचे.

ओठ मात्र असे वाचायचे की विचारू नका. शेडमधल्या सगळ्यांनाच ती विद्या होती, कारण त्या आवाजात दुसरं बोलणंच नव्हतं. भाऊजींच्या समोर उभं राहून बोललं की त्यांना शब्दन्‌शब्द कळे. पाठ फिरवली की संपलं. त्यामुळे आमच्या घरात, मी त्यांच्याकडेच राहते, एक रीतच पडून गेली. त्यांच्यापासून काही लपवायचं तर कुजबुजायची गरज नव्हती, नुसतं तोंड फिरवायचं. ताई भांडी विसळताना भिंतीकडे बघून त्यांचा मनसोक्त उद्धार करायची आणि वळून गोड आवाजात विचारायची, "अहो, चहा टाकू?"

निवृत्तीनंतर माणूस घरात मावेना. वर्तमानपत्र दोनदा वाचून व्हायचं. मग नळ दुरुस्त करायला घ्यायचे, तो आधी गळत नसला तरी. ताई मला म्हणायची, "धाकटे, ह्यांना कुठेतरी गुंतव गं बाई. माझ्या मागे मागे फिरतात आणि मी काय बोलते ते बघत राहतात. स्वतःशी पुटपुटायची पण चोरी झाली."

ते गुंतले ते आपले आपणच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडीला एक खोली होती. तिथे एक तरुण बाई व्हायोलिन शिकवायच्या. भाऊजी रोज त्या रस्त्याने फिरायला जायचे. खिडकीतून व्हायोलिनचा गज खाली-वर होताना दिसायचा, आवाज अर्थातच कळायचा नाही. एक दिवस सरळ जिना चढून वर गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बाईंना वाटलं नातीला घालायचं असेल क्लासला. भाऊजी म्हणाले, "मला बघायचंय." बाईंनी त्यांच्या हनुवटीखाली व्हायोलिन ठेवलं आणि स्वतःच गज ओढला.

घरी आले ते जिन्यातूनच ओरडत. "अगं, आत वाजतं! इथे, जबड्यात! डोक्याच्या आत वाजतं!" ताई घाबरली. तिला वाटलं झटका-बिटका आला.

दुसऱ्याच दिवशी क्लास सुरू झाला. काही दिवसांनी जुनं का होईना, स्वतःचं व्हायोलिन आलं. आजूबाजूला सगळी आठ-दहा वर्षांची पोरं आणि मधे हे साठी उलटलेले. बाईंनी त्यांच्यासाठी पट्टीवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या, बोटं कुठे ठेवायची ते दिसावं म्हणून. भाऊजी आपली जाडजूड बोटं त्या पट्ट्यांच्या आसपास दाबायचे. दाबायचे म्हणजे दाबायचेच, प्रेसवरच्या माणसाचा हात तो. आणि गज ओढायचे तोही पत्रा सरकवल्यासारखा.

आवाज कसा यायचा ते कसं सांगू! पत्र्यावर खिळा ओढावा तसा. ती करकर बारीक आवाजाची, त्यांना ती ऐकूच येत नव्हती. त्यांना हनुवटीतून जे पोचायचं ते जाड, गोल, गोड असायचं. डोळे मिटून, मान कलती करून वाजवायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की माझे हात आपोआप जोडले जात. आणि कानांनी ऐकलं, की देवा, आता थांबव रे, असंही वाटे.

खालच्या मजल्यावरचे हेडक्लार्क जिन्यात गाठून ताईला विचारायचे, "वहिनी, लोखंडी खाट सरकवताय का? माणूस पाठवू मदतीला?"

"खाट नाही हो, आमचे हे सरकतायत," ताई म्हणायची. घरात मात्र ती त्यांच्या समोर बसून मान डोलवायची. वाजवून झालं, डोळे उघडले, की ते आमच्या ओठांकडे बघायचे. आम्ही म्हणायचो, "छान." मी म्हणायचे, लेक आली की ती म्हणायची, जावई म्हणायचे. मग ताई पाठ फिरवून ओट्याकडे बघत म्हणायची, "डोकं उठलं माझं." हे सगळं प्रेमापोटीच चाललं होतं. हेडक्लार्कसुद्धा समोर आले की अंगठा वर करायचे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक मोठी खोली आहे. तिथे आठवड्यातून एकदा आम्ही दहा-पंधराजण प्रार्थनेला बसतो. मी पहिल्यापासून जाते. निवृत्त झालेले एक शाळामास्तर पेटीवर सूर देतात, आम्ही म्हणतो. भाऊजी पूर्वी कधी आले नव्हते, ऐकूच येत नाही तर येऊन करायचं काय. एक दिवस मला म्हणाले, "धाकटे, तुमच्या प्रार्थनेची ती चाल मला बाईंनी शिकवली. अख्खी येते. तुमच्याबरोबर वाजवू?"

मी त्यांच्याकडे तोंड करून होते. नाही कसं म्हणणार! "वाजवा की," म्हटलं. "देवापुढेच तर वाजवायचंय."

ते ऐकून, म्हणजे बघून, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "जन्मभर खाडखाड केली गं. एकदा तरी माझ्या हातून चार माणसांत काही बरं वाजू दे."

तेव्हापासून त्यांना दुसरा विषय राहिला नाही. कोणता सदरा घालायचा तेही ठरलं. पण बाईंनी एक अडचण काढली. एकटं वाजवणं वेगळं, सगळ्यांबरोबर वाजवायचं तर सगळे ऐकू यायला हवेत, नाहीतर ते दुसऱ्या ओळीवर आणि तुम्ही पहिल्या. बाईंच्या मनात काय होतं कोण जाणे, कदाचित टाळायलाही बघत असतील. पण भाऊजींनी ते मनावर घेतलं. लेक वर्षानुवर्षं कानातल्या मशीनसाठी मागे लागली होती, तेव्हा "मला काय करायचंय, सगळं कळतंय" म्हणून उडवून लावायचे. आता आपल्या पायांनी गेले, तपासून घेतलं आणि दोन्ही कानांत मशीन बसवून आले.

पहिला दिवस नुसता सणासारखा गेला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंख्याखाली उभे. ताईच्या बांगड्या वाजतात म्हणून तिला हात हलवायला लावलं. लेकीचा फोन आला तेव्हा ताईला म्हणाले, "तू सांगू नकोस, मी ऐकतो." ऐकता ऐकता म्हणाले, "हिचा आवाज अगदी तुझ्यासारखा झाला गं." ताई आत जाऊन रडली. मी देवापुढे दिवा लावला.

व्हायोलिनचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ताईच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून व्हायोलिन काढलं, गजाला राळ लावली, हनुवटी टेकवली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. गज एकदा गेला, एकदा आला आणि थांबला. मग पुन्हा एकदा. मग काहीच नाही.

ताईने माझा हात घट्ट धरला.

ते आत आले. चेहरा गोंधळलेला. कानातलं मशीन काढून हातात धरलेलं. "बिघडलं वाटतं," म्हणाले. "करकरतंय."

मशीनवाल्याकडे जाऊन आले. त्याने तपासून सांगितलं, मशीन उत्तम आहे. मग म्हणाले, व्हायोलिनमध्येच काहीतरी झालं असणार, तार उतरली असेल, बाईंना दाखवतो. ताई मला म्हणाली, "जा गं बरोबर. मला जिना चढवत नाही." जिन्याचं निमित्त होतं. तिला बघवणार नव्हतं.

माडीवरची खोली रिकामी होती, क्लास अजून भरायचा होता. खालून चाकात हवा भरल्याचा आवाज येत होता. भाऊजींनी व्हायोलिन पुढे केलं. "बाई, जरा वाजवून बघा. बिघडलंय."

बाईंनी खुंट्या पिळून तारा लावल्या आणि आमच्या प्रार्थनेचीच चाल वाजवली. तेच व्हायोलिन, तोच गज. मी आजवर कितीदा ती चाल म्हटली असेल, पण अशी ऐकली नव्हती. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. चाल संपली तरी हलले नाहीत. मग इतकंच म्हणाले, "असं वाजतं होय हे?"

मग व्हायोलिन घेतलं आणि त्यांनी वाजवली. तीच चाल. मशीन कानांत होतं. या वेळी डोळे मिटले नाहीत. पहिली ओळ नेटाने पुरी केली.

बाईंचा चेहरा पडला होता. त्या खिडकीकडे वळल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "मावशी, काय सांगू मी यांना? दोन वर्षांत एक सूर जागेवर लागला नाही. इतके खूश असायचे की माझ्याने बोलवलंच नाही."

आमच्या घरची रीत त्यांनीही उचलली होती.

"मलाच सांगा ना बाई," भाऊजी पाठीमागून म्हणाले. "आता ऐकू येतं मला."

बाई गर्रकन वळल्या. खालचा हवेचा पंप चालूच होता. त्या बिचाऱ्या रडायच्या बेतात आल्या. भाऊजीच त्यांना म्हणाले, "बसा, बसा. तुमचं काही चुकलं नाही. एवढंच सांगा, सुधारेल का?"

"पहिल्यापासून धरावं लागेल, काका. चुकीचं सगळं पक्कं बसलंय. मनगट वळत नाही तुमचं. आणि मशीनमधून सूर पारखायचा म्हणजे..."

"म्हणजे नाही."

"मी नाही म्हटलं नाही."

"मान हलवलीत की. ते वाचता येतं मला अजून."

येताना रस्त्यात ते एकदाच बोलले. "तुम्हीपण सगळे, धाकटे?" माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, त्यामुळे ओठ वाचायचा प्रश्न नव्हता.

घरी ताईने आमचे चेहरे बघितले आणि ताटं घेतली. जेवणं झाल्यावर तीच म्हणाली, "अहो, ते मशीन काढून वाजवा ना. पूर्वीसारखं. आम्हाला काही त्रास नाही होत."

त्यांनी तिचं ऐकलं. मशीन काढून डबीत ठेवलं, हनुवटी टेकवली, गज ओढला. अर्धी ओळ झाली असेल नसेल.

"येतं ना आत?" ताईने समोर वाकून विचारलं.

"येतं," ते म्हणाले. "तसंच येतं. पण बाहेर काय चाललंय ते आता माहीत झालं ना." आणि व्हायोलिन पेटीत ठेवताना, इतकी वर्षं झाकणांवर हात चालवलेला माणूस, पेटीचं झाकण त्यांना नीट लागेना. ताईने लावून दिलं.

प्रार्थनेचा दिवस आला तेव्हा मी वर जाऊन म्हटलं, "भाऊजी, चला. घ्या व्हायोलिन." मी मनापासून म्हटलं. आम्ही तरी कुठे गाणारे लागून गेलो! मास्तरांची पेटी एका पट्टीत, आमच्या कोरसमधल्या थोरल्या आजीबाई दुसऱ्या, हेडक्लार्कांना तर सुराशी देणंघेणंच नाही.

ते आले. ठरवलेला सदरा घालून आले, पण रिकाम्या हातांनी. आमची प्रार्थना त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. एक कडवं झाल्यावर माझ्याकडे बघून किंचित हसले. मला धीर आला. मास्तर पान उलटत होते तेवढ्यात मी वाकून म्हटलं, "बघा, आम्ही तरी कुठे सुरात आहोत? देवाला चालतं, भाऊजी. तो भाव बघतो."

"देवाला चालत असेल, धाकटे," ते म्हणाले. "मला नाही चालत. मला एकदा खरंच चांगलं वाजवायचं होतं."

पेटीचा सूर आला आणि सगळ्यांबरोबर मीही पुढचं कडवं उचललं. म्हणता म्हणता बघते तर भाऊजींनी एका कानातलं मशीन काढलं होतं. मग दुसऱ्यातलं काढलं. दोन्ही खिशात टाकली, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आमच्या कुणाच्याच तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही.

प्रार्थना संपली, लोक उठले, चटया गुंडाळल्या गेल्या, तरी ते तसेच बसून होते. शेवटी हेडक्लार्कांनी त्यांच्या खांद्याला हात लावून, झालं म्हणून सांगितलं.