‘उतरलो’, एवढंच

विमान आमच्या माळावर आलं आणि साखर कारखान्याच्या ऑफिसात रोज एक किस्सा जमा व्हायला लागला. उसावर वरून युरिया टाकणारं विमान! मी तिथं टेलिफोनवर. बी.ए. झाले तरी घंटी वाजली की दचकायचे. टायपिस्ट मार्थाबाई म्हणायच्या, "अगं, फोन आहे तो, विंचू नाही!"

पहिल्याच संध्याकाळी मला एक गोष्ट खटकली. विमान चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी पुण्याला घरी ट्रंक कॉल लावायला सांगितला. ताटकळल्यावर लाइन मिळाली, तर म्हणाले, "उतरलो." आणि फोन ठेवला! मग रोज तेच. जोडून देताना त्यांच्या बायकोचा आवाज मला ऐकू यायचा. हॅलोसुद्धा नाही, थेट "उतरले का?"

"किती गोड!" मार्थाबाई म्हणाल्या. मला मात्र ते गोड वाटेना. रोज कळवावं लागतं, म्हणजे...

*

विमानाची पूजा झाली. ऊस खात्यातले दगडूनाना नारळ घेऊन थेट पंख्याकडे निघाले. कॅप्टन धावले, "नाना, दगडावर फोडा!"

"दगडावर फोडल्यावर इमानाला कसं कळंल?"

*

एक आजीबाई पाटी घेऊन ऑफिसात आल्या. वाळत घातलेल्या कुरडयांवर युरिया पडला होता.

"आता काय करू यांचं?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "पेरा!"

*

खत कुठं टाकायचं हे विमानाला कळावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना नानांची माणसं पांढरी निशाणं घेऊन उभी राहायची. मधल्या पट्ट्यात खत. एका शेतकऱ्याचा नंबर अजून लागायचा होता. त्यानं काठीला धोतर बांधलं आणि स्वतःच्या बांधावर उभा राहिला. विमान वळलं, खत टाकून गेलं!

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन हजर. सगळे पोट धरून हसले. कॅप्टनही. "मला काय, पांढरं दिसलं की मी वळतो!"

*

मग काय, शिवारात जिकडेतिकडे धोतरं! ऑफिसच्या खिडकीतून मलाच दिसायची.

"नाना, बंद करायला सांगा ना. कुठंही उभी राहतात माणसं. वर विजेच्या तारा असतात."

"पोरी, तू घंटीला भितीस. त्यो मानूस आभाळाला भीत न्हाई."

*

त्या सकाळी विमानाचा आवाज वळताना ऐकला. नंतर आवाजच नव्हता.

बऱ्याच वेळानं नाना आले. अनवाणी. हातात निशाण तसंच.

"इहिरीच्या मोटारीला नवी तार वडली हुती. तिच्या पल्याड धोतर..." ते खाली बसले. "कॅप्टन गेलं, पोरी."

मार्थाबाईंनी डोळे मिटून क्रुसाची खूण केली. मॅनेजरसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी कळवायला हवं. तुमची ओळख आहे आवाजाची."

ओळख! मी एक्स्चेंजला नंबर सांगितला. लाइन मिळेना. पुन्हा मागितली. मिळाली, तर पलीकडे कुणी उचलेना. मनात आलं, उचलूच नये तिनं. ती बाजारात गेली असेल, तिथंच राहू दे अजून थोडा वेळ. नाना निशाणाचं कापड काठीला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

पुन्हा लावला. खूप वेळ वाजत राहिला. मग खट्‌कन उचलला गेला. धापा टाकत आलेला, हसरा आवाज.

"अगंबाई, आज इतक्या लवकर! उतरले का?"