चाकावरची पिवळी खूण

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, हसते आणि डबा बंद करून कामाला लागते. चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते, बावीस वर्षं झाली. जे रजिस्टरमध्ये नाही ते माझ्या लेखी नसतंच. त्यामुळे हेही माझ्या डायरीत जसं उतरलंय तसंच लिहितेय.

आम्ही निगडीला राहतो, प्राधिकरणात. मी आणि माझे मिस्टर, दोघंच. ते एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये इन्स्पेक्टर होते. रंगलेला भाग हातात घ्यायचा, प्रकाशात फिरवायचा, बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा आणि दोष सापडला की तिथे पिवळ्या पेन्सिलीने गोल काढायचा. गोलाखाली दोन आडव्या रेघा, ही त्यांची खूण. सवय इतकी की घरच्या कुकरच्या झाकणावरही एकदा गोल काढून ठेवला होता.

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं... तिन्ही एका सकाळी गेली. पाय थोडा परत आला, काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. बोलणं मात्र "हं"वर अडकलं. स्पीच थेरपीच्या मॅडम सांगायच्या की शब्द परत येऊ शकतात, पण त्यांनी स्वतः जोर लावला पाहिजे, आणि जितका उशीर तितकं अवघड. मॅडम चित्रांची कार्डं धरायच्या आणि हे भिंतीकडे बघत बसायचे. सात महिने मी एवढीच वाट पाहत होते, की यांनी एकदा तोंडाने काहीतरी मागावं. पाणी, चहा, टीव्हीचा रिमोट, काहीही.

चाकांचं त्यातूनच सुचलं. आमच्या गाडीच्या अलॉय व्हील्सचा मूळचा चंदेरी रंग यांना पहिल्या दिवसापासून खटकायचा. रिटायर झाल्यावर चाकं रंगवून घेईन म्हणायचे. म्हटलं, तेच करू, कदाचित लक्ष लागेल. शेड कार्ड आणून समोर धरलं. त्यांनी मान वळवली. मग मीच काळा रंग ठरवला. मळ दिसत नाही आणि धुवायला सोपा.

तळवड्याला एक पावडर कोटिंगचं वर्कशॉप आहे. मालक दत्ताभाऊ, मूळचे लातूरकडचे, वर्षभरापूर्वीच इथे आलेले. सोमवारी मी एकटीच गाडी घेऊन गेले आणि त्यांच्याकडेच ठेवून आले. कामाचा क्रम लिहून घेतला: टायर काढणे, जुना रंग उतरवणे, ब्लास्टिंग म्हणजे वाळूच्या माऱ्याने घासणे, प्रायमर, मग रंग आणि ओव्हन. चार चाकांना नंबर दिले. मिस्टरांबद्दल एक शब्दही बोलले नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलंय. नाही बोलले.

बुधवारी मी घरी होते. डायरीत नोंद आहे: "१०.३० ते ११.१५ फिजिओ. लक्ष नाही. डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टकटक करत होते." फिजिओ बिचारा दोनदा म्हणाला, काका, इकडे बघा. काकांचं आपलं टकटक चालूच.

साडेबाराला दत्ताभाऊंचा फोन आला. आवाज जरा घुश्शातला.

"ताई, साहेबांना पाठवायचंच होतं तर आधी सांगायचं ना. अकराला आलते. अर्धा तास माझी शाळा घेतली की!"

मी विचारलं, कोण साहेब?

"तुमचेच की. उंच, टक्कल, कानावर पिवळी पेन्सिल. तीन नंबरचं चाक वाजवून बघितलं अन् म्हनले, ह्याला तडा हाय, पुटी भरून झाकू नका, ह्या चाकानं बाई रोज चाकणला जाती. अन् काळा नको म्हनले. ब्राँझ मारा म्हनले."

मी समोर पाहिलं. साहेब खुर्चीत बसून डाव्या हाताने वरणभात खात होते, निम्मा शर्टावर सांडत. मी फोन ठेवला, शेजारणीला यांच्यापाशी बसवलं आणि रिक्षा केली.

माझा पहिला संशय साधा होता: यांच्या जुन्या कंपनीतलं कोणीतरी चेष्टा करतंय. तीन नंबरचं चाक ब्लास्टिंग होऊन टेबलावर पडलं होतं, सगळा रंग उतरून नागडं ॲल्युमिनियम. आतल्या बाजूला, आरा जिथे कडेला मिळतो तिथे, केसाएवढी रेघ. तिच्याभोवती पिवळा गोल आणि गोलाखाली दोन आडव्या रेघा.

ब्लास्टिंगमध्ये पेन्सिलीची खूण टिकत नाही, म्हणजे ती नंतरच काढलेली. दत्ताभाऊंनी कबूल केलं की रेघ त्यांना आधी दिसली होती. ओरखडा समजून पुटी भरणार होते. गिऱ्हाईक चाकाचा वरचा भाग बघतं, आत कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या पावसाळ्यात खड्ड्यात गाडी दणकन आदळली होती, ते मला तेव्हा आठवलं.

मी खुणेचा फोटो काढला आणि घरी आले. यांना काहीच सांगितलं नाही. आधी तपासायचं होतं. शेड कार्ड पुन्हा समोर धरलं. अठरा रंग. यांनी डावं बोट हळूहळू सरकवलं आणि ब्राँझवर ठेवलं.

मग मी म्हटलं, "अहो, तीन नंबरच्या चाकाला तडा निघाला."

यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. मला वाटलं पुन्हा काही होतंय की काय. मी फोन उचलायला वळले, आणि मागून आवाज आला.

"दाखव."

सात महिन्यांनी. घोगरा होता, पण स्पष्ट होता.

फोटो दाखवला तर त्यांनी मान हलवली. फोटो नको, चाक. "दाखव," पुन्हा. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि यांना रिक्षात बसवून तळवड्याला नेलं. दारातून काठी टेकत येताना बघून दत्ताभाऊंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"ताई, हेच ते," मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले. "पर काल काठी नव्हती. ताठ चालत आलते."

यांनी चाक वाजवलं, कान लावला आणि ते बाद केलं. त्याच्याऐवजी आम्ही दुसरं घेतलं आणि चारही ब्राँझ झाली. त्यानंतर कार्डांच्या मॅडम आल्या की यांनी कधी भिंतीकडे तोंड केलं नाही. आज यांच्याकडे सव्वाशेच्या वर शब्द आहेत. पहिलं पूर्ण वाक्य मात्र माझ्यासाठी नव्हतं. चाकं न्यायला गेलो तेव्हा ते दत्ताभाऊंना ऐकवलं: "रंग जाड बसलाय, परत करा." दत्ताभाऊ वैतागले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

यांना विचारलं, तुम्ही त्या दिवशी गेला होता का? त्यांनी खांदा उडवला. डावा. उजवा अजून उडत नाही. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. फिजिओला एवढंच विचारलं की सेशनमध्ये तू क्षणभर तरी बाहेर गेला होतास का. नाही म्हणाला. चेष्टा करणारा कोणी सापडला नाही. जे घडलं त्याच्यापुढे माझ्या डायरीत कारणाची जागा रिकामीच आहे, आणि ती भरायचा आटापिटा मी सोडून दिलाय.

एक गोष्ट तेवढी मी धरून ठेवलीय. त्या दिवशी तळवड्याला जो आला त्याला काठी लागत नव्हती आणि तो अर्धा तास न थांबता बोलत होता. म्हणजे असे हे कुठेतरी आहेत. आम्हाला फक्त तिथपर्यंत पोचायचंय. काल आम्ही काठीशिवाय गेटपर्यंत जाऊन आलो.