खडखड्यावरचं औषध

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका शेती संशोधन केंद्रात सहायक होते. शाळूला लागणाऱ्या खडखड्यावर आमचं काम चाले. दाणा भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपली की या रोगाची बुरशी बुडातून ज्वारीच्या ताटात शिरते, आतला गाभा काळाठिक्कर करते आणि उभं पीक आडवं होतं.

आमच्या साहेबांनी काळ्या मातीतूनच एक जिवाणू वेगळा काढला होता. काचेच्या बशीत त्याच्याभोवती बुरशी वाढतच नसे. तो सोडतो त्या रसाने बुरशी मरते हे पहिल्यांदा दिसलं, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने चहा केला. पुढे मात्र नुसती हमाली. रस गाळायचा, बाटल्या उकळायच्या. वीज गेली की सगळं नासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवार पेठेतल्या खोलीवर आले तरी हातांचा आंबूस वास जात नसे.

अक्कलकोटजवळच्या एका बाईंनी प्रयोगाला शेताचा पट्टा दिला. नवरा गिरणीत, शेत त्याच बघत. अर्ध्यात रसात भिजवलेलं बियाणं पेरलं, अर्ध्यात साधं. आमचं बियाणं दाट उगवलं. साहेब खूश होते.

संक्रांतीनंतर गेलो, तर दोन्हीकडचा शाळू लोळला होता. साहेबांनी आमच्या बाजूचं एक ताट उपटून चिरलं. आत काळं. दुसरं चिरलं, तेही काळं. ते चिरतच राहिले.

"पुरं करा, साहेब," बाई म्हणाल्या. "किती बी कापा, काळंच निघनार की."

"बियाण्याचं औषध एवढे दिवस पुरलं नाही," साहेब म्हणाले. "बुरशी मातीत आहे."

"मग मातीत घाला."

साहेब माझ्याकडे बघून हसले. बाटलीभर रस काढताना आमची काय गत होते, ते त्यांना कुठून सांगणार?

पुढच्या हंगामात जिवाणूच शेणखतात वाढवून मातीत मिसळला. काही ताटं उभी राहिली, काही पडली. त्यावरून ठाम काही म्हणता येईना. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना हा विषय नको होता. जिवाणूंच्या बश्या उकळून टाकायचं काम माझ्याकडे आलं. ते उरकून मी बाईंना सांगायला गेले.

"आता कोन येनार मग?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि सुनेला कानडीत माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.