बंगला कुणाचा म्हणायचा

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ढगाळ, मग लख्ख ऊन. बागेत चाचणीची फेरी झाली. नापास. शुक्रवारी पुन्हा बोलावलं आहे. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. शाळेतल्या सिस्टरांनी लहानपणी घालून दिलेला दंडक त्यांनी कधी मोडला नव्हता. रोजनिशीत काय घडलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. म्हणून नापास झाल्याचं किती लागलं, ते पानावर आलं नाही.

पलीकडे पलंगावर नणंद लोकर गुंडाळत बसली होती. दोघीही विधवा. भाड्याच्या त्या दोन खोल्यांत भांडत, हसत त्यांचं बरं चाललं होतं.

"शाळेत कधी नापास झाला नाहीत, वहिनी, आणि आता या वयात?"

"एका शब्दापायी झाले, वन्सं."

शब्द होता 'आमचा'. नगरपालिकेनं जुनी बाग आणि तिच्यातला बंगला दुरुस्त करून लोकांसाठी उघडला होता. लोकांना बाग फिरवून माहिती सांगणारं माणूस हवं होतं, म्हणून बाईंनी अर्ज केला. फेरीत त्या ओघात म्हणत गेल्या, हे आमचं तळं, हा आमचा बंगला. बागेच्या व्यवस्थापक मॅडम नातीच्या वयाच्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"आजी, माहिती झकास सांगता हो. पण लोक तुम्हाला मालकांची नात समजले. एकानं तर जुनं फर्निचर विकायचंय का म्हणून विचारलं. शेवटी कळलं तुम्ही माळ्याची मुलगी, तर त्यांना फसवल्यासारखं झालं. 'मालकांचा' म्हणा. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

मॅडमचं चूक नव्हतं. पण बाईंची जीभ त्या बागेतच वळणाला लागली होती.

एका कापसाच्या व्यापाऱ्यानं टेकडीखालची पडीक दगडखाण विकत घेतली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. त्यानं खाणीचं तळं केलं, उपसलेल्या मातीचा उंचवटा रचला, त्यावर झाडं लावली आणि रस्ता मुद्दाम वळणावळणाचा आखून घेतला. येणाऱ्याला बंगला दिसायचा, लपायचा, पुन्हा दिसायचा. शेवटच्या वळणावर पांढरे खांब आणि गोल सज्जा एकदम पुढ्यात उभे राहायचे. त्या सज्ज्यातून दोरीवरचे कपडे दिसू नयेत म्हणून स्वयंपाकघर, धुण्याची जागा आणि माळ्याची खोली सुरूच्या दाट कुंपणाआड दडवलेली होती. बाईंचा जन्म त्या खोलीतला. आपलंच घर कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांचे वडील कात्री घेऊन ते कुंपण दाट राखत.

तरी कुंपणामागची सगळी माणसं बोलायची 'आमचं'. ज्या स्वयंपाक्यानं पियानोला कधी बोट लावलं नाही, तो बाजारात ऐटीत सांगायचा, "आमचा पियानो बिघडलाय." मालकीणबाईंनी माळ्याच्या मुलीची फी भरली, तिला सिस्टरांच्या शाळेत घातलं, आणि मुलगीही शाळेत सांगू लागली, आमच्या बंगल्याला गोल सज्जा आहे.

पुढे युद्ध आलं. बंगल्याचं इस्पितळ झालं, हिरवळीत बटाटे लागले. मग व्यापाऱ्याच्या मुलांनी सगळं विकून टाकलं. कराचं कार्यालय आलं, फायली न्हाणीघरातल्या टबापर्यंत पोचल्या. शेवटी कुलूप लागलं. आता दुरुस्तीनंतर पाट्या आल्या. त्यांवर व्यापारी होता, आराखडा काढणारा होता. कुंपणामागचं कुणी नव्हतं. आपण गेलो की तिथं माणसं राहत होती हे सांगणारं कुणी उरणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती फेरी त्यांना मिळवायचीच होती.

बुधवारी बाई घरात येरझारा घालत बोलू लागल्या. "हे मालकांचं तळं. हा मालकांचा उंचवटा."

नणंदेनं जांभई दिली. "वहिनी, बाग दाखवताय की जप्तीचा पंचनामा करताय?"

"गप्प बसा हो. जमवणार आहे मी."

"जमेल. पण ऐकणारा तळ्यात उडी मारेल."

गुरुवारीही तेच. 'मालकांचा' तोंडात बसला, पण बाग निर्जीव झाली. बाई हट्टाला पेटल्या होत्या. घसा बसला तरी थांबेनात. इतक्यात नणंद आतून ओरडली, "अहो, आपला नळ पुन्हा ठिबकतोय!"

"घर मालकांचं आणि नळ बरा आपला," बाई करवादल्या.

"मग? टपटप कुणाच्या डोक्यात होते?"

बाई जागच्या जागी थबकल्या. मग त्यांनी सुरुवातीपासून सगळी फेरी पुन्हा म्हटली. नणंदेनं या खेपेला जांभई दिली नाही.

शुक्रवारी मॅडम घोळक्याच्या मागून चालत होत्या. बाईंनी फाटकातच सांगितलं, "आपली ही बाग आधी दगडाची खाण होती." लोक जवळ सरकले. आपलं तळं, आपला उंचवटा. शेवटच्या वळणावर त्या म्हणाल्या, "थांबा. आता आपला बंगला बघा," तेव्हा एक जाडजूड गृहस्थ टाचा उंचावून बघायला लागले.

सुरूच्या कुंपणाला वळसा घालून त्या मागच्या खोलीशी आल्या. छत्रीवाल्या एका बाईनं विचारलं, "आणि ही?"

"ही आमची खोली."

मॅडमचं पाऊल अडखळलं.

"आमची म्हणजे माळ्याची," बाई म्हणाल्या. "माझे वडील इथले माळी. हे कुंपण त्यांच्या हातचं."

"मग बंगल्यात कधी राहिलात?"

"छे! छत गळायला लागलं की बादल्या लावायला तेवढं बोलवायचे."

लोक हसले आणि खोलीत वाकून बघू लागले. छत्रीवालीनं कुंपणाच्या फांदीवरून हात फिरवला.

लोक गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "'मालकांचा' म्हणायचं ठरलं होतं, आजी."

"मालक कुठे राहिलेत? आता कर भरतात ती हीच माणसं. मग कुणाची म्हणू?"

"आणि ही खोली?"

"ती आमचीच. तिथे मी शब्द बदलायची नाही. ठेवायचं तर तसं ठेवा."

मॅडमनी खोलीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. "सोमवारपासून सकाळची फेरी तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "आणि या खोलीशी जरा जास्त वेळ थांबत जा."

त्या रात्री बाईंनी लिहिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवसभर ऊन. फेरी झाली. सोमवारपासून जायचं आहे. वन्संची लोकर संपली. आपला नळ अजून ठिबकतो. खाली बादली लावली.