नसरुद्दीनचा कायमचा पत्ता

बुरोंडीचा नसरुद्दीन बावीस वर्षं जेद्दात खोके बांधतोय, आणि त्याने बांधलेला खोका वाटेत सुटला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. चारही बाजूंनी सुतळी आणि वर दुहेरी गाठ. गेली दोन वर्षं गाझाला मदत पाठवणाऱ्या संस्थांच्या गोदामात तो स्टोअरकीपर आहे. संस्था अकरा, म्हणून समन्वयासाठी समिती. समितीत समन्वय नाही, म्हणून उपसमिती. दर मंगळवारी बैठक भरते आणि खजूर संपले की उठते.

खोका नंबर सतरा मात्र नसरुद्दीनच्या जिवाला लागला होता. त्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दूध पाजायच्या नळ्या होत्या. तिकडच्या इस्पितळातली नर्स सहर रोज फोनवर विचारायची, "भाई, सतरा निघाला?"

निघाला की! पहिल्यांदा समितीनेच बंदरातून परत बोलावला, कारण एका संस्थेचा स्टिकर बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठा होता. दुसऱ्यांदा सीमेवरून शेरा आला : जबाबदार व्यक्तीचा कायमचा पत्ता नाही. जबाबदार व्हायला एकही साहेब तयार होईना. अकराही जणांनी एकमताने नसरुद्दीनकडे बोट दाखवलं. समन्वय झाला तो एवढाच. इकाम्यावर, म्हणजे सौदीच्या तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या माणसाचा कायमचा पत्ता गावाकडचाच असणार. त्याने ठसठशीत लिहिलं : मु. पो. बुरोंडी, ता. दापोली, जि. रत्नागिरी.

दीड महिन्याने गावाहून बायकोचा, कुबराचा फोन आला. "अहो, तुमचा खोका आलाय. पण एवढ्या बारीक नळ्या कुणासाठी?"

सीमेवर सुतळी चालत नाही म्हणून सतरा पुन्हा नाकारला होता आणि नियमाप्रमाणे कायमच्या पत्त्यावर धाडला होता. नसरुद्दीनला रडूच कोसळलं. दोन वर्षांत पत्त्यावर बिनचूक पोहोचलेला हा पहिला खोका!

मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कायमचा पत्ता सहरच्या वॉर्डाचाच लिहिला तर? खोका नाकारला, तरी परत जाईल तो तिच्याकडेच. त्याने नव्या नळ्या भरल्या, सुतळीऐवजी चिकटपट्टी मारली आणि मार्कर हातात धरूनच फोन लावला.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डाचा कायमचा पत्ता सांगा. यल्ला, लवकर!"

सहर चक्क हसली.

"कायमचा? भाई, या महिन्यात आमचा वॉर्ड तीनदा हललाय. तुम्ही तुमच्याच घरचा लिहा. तो तरी जागेवर आहे."